जखमेतले किडे आणि आपली अहिंसा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



या वेळचं पत्र जेवताना वाचू नका, एवढं आधीच सांगतो. विषय किळस वाटेल असा आहे. पण घरातल्या मुलांना मात्र जरूर वाचून दाखवा. का ते शेवटी कळेल.

मागच्या श्रावणातली गोष्ट. बेळगावच्या आपल्या केंद्रात गुरुवारची आरती झाली होती, प्रसाद वाटणं चाललं होतं. केंद्राच्या पायरीशी गेली चार वर्षं एक तांबडा कुत्रा येऊन बसायचा. आरतीची घंटा वाजली की हा हजर. चमचाभर शिरा मिळाला की शेपूट हलवत आपल्या वाटेनं जायचा. त्या दिवशी तो पायरीवर नव्हता. पलीकडे लावलेल्या स्कूटरींच्या मागे आडवा पडला होता आणि मान सारखी झटकत होता. जवळ गेलो तर आधी वास आला. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. डाव्या कानामागे रुपयाएवढं भोक पडलेलं, आणि आत भात रटरटावा तसं पांढरं काहीतरी हलत होतं. जखमेत किडे पडले होते.

त्यानंतर काय झालं ते लपवत नाही. कुणी नाकाला पदर लावला. कुणी म्हणालं, हाकला इथून, मुलं खेळतात. एक वयस्कर आजी हळहळल्या आणि म्हणाल्या, "पूर्वजन्मीचा भोग हो, भोगूनच संपायचा." अकरावीत शिकणारा एक मुलगा म्हणाला, "काका, गुरांच्या दवाखान्यात नेऊ या. औषध घातलं की किडे मरून बाहेर पडतात." तेवढ्यात आपल्यातलेच एक अभ्यासू साधक म्हणाले, "अरे, पण एक जीव वाचवायला शे-दोनशे जीव मारायचे, हा कुठला हिशेब? तेही जीवच ना?"

सगळे गप्प झाले. प्रश्न खोटा नव्हता. आपण रोज सर्वांभूती परमेश्वर म्हणतो. मुलगा खाली मान घालून घरी गेला. आम्हीही घरी गेलो आणि रात्री हा प्रश्न ग्रुपवर टाकला.

मग काय विचारता! मडगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, सगळीकडून मेसेज येऊ लागले. गुरुवार रात्रीपासून रविवारपर्यंत दीडशेच्या वर झाले. कुणी गीता सांगितली, कुणी कर्मविपाक, कुणी जैन मुनींची उदाहरणं दिली. चर्चा खरोखर उत्तम झाली. सोमवारी सकाळी सफाई कामगारांनी कुत्र्याला गटाराच्या कडेवरून उचललं. तो रात्रीच गेला होता.

त्या दीडशे मेसेजमध्ये आमचेही होते. म्हणून हे पत्र कुणाला बोल लावायला लिहिलेलं नाही. वर्षभर हा प्रश्न आमच्या मनात राहिला, आणि जे थोडंफार समजलं ते सांगतो आहोत.

*भोग कुणाचा?*

आधी आजींचं बोलणं घेऊ, कारण आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात तेच असतं. आपल्या भाषेत "तुझ्या अंगात किडे पडतील" ही जुनी शिवी आहे. म्हणजे किडे पडणं ही आपण शिक्षाच समजतो. शिक्षा म्हटलं की ज्याला झाली त्याचा काही अपराध असणार, हे ओघानं आलंच.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. जिवंत मांसावर जगणारी एक निळसर-हिरवी माशी आहे. शास्त्रात तिला क्रायसोमिया बेझियाना म्हणतात. ती जखमेच्या वासावर येते. जखम मोठी असावी लागते असंही नाही. गोचीड चावून पडलेलं भोकसुद्धा तिला पुरतं. जखमेच्या कडेला ती एका वेळी दीडशे-दोनशेच्या आसपास अंडी घालते. दिवसाभरात त्यांतून अळ्या निघतात आणि डोकं आत, शेपूट बाहेर अशा मांसात शिरतात. श्वास त्या मागच्या टोकानं घेतात. अंगावर काट्यांची कडी असतात, म्हणून ओढून सहज निघत नाहीत. जखम खोल होते, वास वाढतो, त्या वासावर आणखी माश्या येतात. साधारण आठवडाभरात अळ्या मोठ्या होऊन जमिनीवर पडतात, मातीत कोष करतात आणि पुढे माश्या होऊन उडतात. पावसाळ्याची दमट हवा त्यांना मानवते.

यात पाप-पुण्याचा काय संबंध आहे सांगा. कुत्र्याची जीभ कानामागे पोचत नाही, म्हणून तिथली जखम त्याला चाटून साफ ठेवता येत नाही. बोक्यांच्या भांडणात मानेवर दात लागतो, आत पू धरतो, गळू फुटतं, तिथे माशी बसते. म्हाताऱ्या कुत्र्याचं शेपटीखालचं ओलं, गुंतलेलं केस, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची ओली नाळ, असं जिथे उघडं सापडतं तिथे ती अंडी घालते.

कर्मसिद्धांत आपण मानतो. पण सद्गुरूंनी तो आपल्या हाती दिला तो स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायला दिलेला नाही. घरात नातवाला ताप आला तर आपण भोग म्हणून बसत नाही, रात्री अकराला डॉक्टरला फोन लावतो. मग भोगाची आठवण पायरीवरच्या कुत्र्यापाशीच का व्हावी? आणि भोगच म्हणायचा तर असंही म्हणता येईल की त्याची वेळ आपल्या पायरीवर भरली, तिथे आपण उभे होतो, आणि आपली परीक्षा होती. त्यात आपण नापास झालो.

*शे-दोनशे जिवांचा हिशेब*

आता अभ्यासू साधकांचा प्रश्न. हा जास्त अवघड आहे आणि तो हसून सोडून देण्यासारखा नाही.

आपल्या देवघरातल्या दत्तमूर्तीकडेच बघा. पायाशी चार कुत्रे असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत ज्या चोवीस गुरूंची नावं घेतो त्यांत मधमाशी, पतंग, कोळी आहेत. कीटकाला पकडून घरट्यात ठेवणारी कुंभारमाशीसुद्धा आहे. म्हणजे कुत्रा आणि कीटक दोघंही एकाच देवापाशी आहेत. एकाला वर आणि एकाला खाली करायचा अधिकार आपल्याला नाही, हे खरंच आहे.

किडा दुष्टही नाही. माशी आपल्या पिलांसाठी अन्न शोधते, एवढंच. याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका माशीच्या अळ्या प्रामुख्यानं मेलेलं, सडलेलं मांस खातात आणि जखम स्वच्छ करतात. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर नावाच्या अमेरिकन शल्यवैद्यांनी रणांगणावर पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत हे पाहिलं आणि पुढे त्या अळ्यांचा उपचारासाठी वापर केला. 2004 साली अमेरिकेत अशा निर्जंतुक वाढवलेल्या अळ्यांना उपचारासाठी मान्यताही मिळाली. तेव्हा शाप, घाण, पाप हे सगळे शब्द आपण चिकटवलेले आहेत.

मग कुत्र्याच्या जखमेतल्या अळ्या माराव्यात की नाहीत?

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यात ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या रांगेत कुत्र्याचं नाव आहे आणि ज्ञानी माणूस या सगळ्यांकडे सारखं पाहतो असं म्हटलं आहे. सारखं पाहतो म्हटलंय, सगळ्यांशी सारखंच वागतो असं नाही. आई सगळ्या मुलांवर सारखी माया करते, पण तापलेल्याला पेज देते आणि धडधाकट असलेल्याला भाकरी. मोठ्यानं लहानाचा हात पिरगाळला तर ती मोठ्याचा हात सोडवतेच. त्या वेळी मोठ्यावरची तिची माया कमी झालेली नसते.

संख्येचा हिशेबही इथे लागू पडत नाही. आपण हात आखडता घेतला म्हणून त्या दोनशे अळ्यांना आपण अभय दिलं असं होत नाही. त्या माश्या होणार आणि दुसरी जखम शोधणार. शेजारच्या गल्लीतलं कुत्रं, कुणाच्या गोठ्यातलं वासरू, कधीकधी रस्त्यावर निजणारा, जखम धुवायला कुणी नसलेला माणूससुद्धा. आपण फक्त दुःख आपल्या नजरेआड ढकलतो आणि त्याला अहिंसा म्हणतो.

हा पेच आपल्यालाच पडलाय असं नाही. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. केवढा गदारोळ झाला! रागावलेल्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी आपल्या पत्रांतून उघडपणे लिहून आपली बाजू मांडली. त्यांचं सांगणं असं की हात बांधून बसणं म्हणजे आपोआप अहिंसा होत नाही. मनात स्वार्थ आहे की करुणा, हे पाहावं लागतं. आपला प्रसंग वेगळा आहे, कारण आपल्या कुत्र्याला वाचवता येत होतं. पण हात बांधून बसण्याबद्दल ते जे म्हणाले ते आम्हाला नीट लागू पडलं.

*असंगाची गोष्ट*

या विषयावरची सगळ्यात मोठी गोष्ट आम्हाला हैदराबादच्या एका ताईंनी सांगितली. ती बौद्ध परंपरेतली आहे, तिबेटमध्ये आजही सांगतात.

असंग नावाचे एक थोर आचार्य होते. मैत्रेयाचं दर्शन व्हावं म्हणून ते बारा वर्षं गुहेत तप करत राहिले. दर्शन झालं नाही. निराश होऊन खाली उतरले. वाटेत एक कुत्री पडलेली दिसली. तिचं मागचं अर्धं अंग सडलेलं, किड्यांनी भरलेलं. असंगांना तिची दया आली. किडे काढायला हवे होते. पण काढले तर किडे उपाशी मरणार. म्हणून त्यांनी स्वतःच्या मांडीचं मांस कापून शेजारी ठेवलं, किड्यांना ठेवायला. मग वाटलं, बोटांनी उचलले तर चिरडतील. म्हणून डोळे मिटले आणि जिभेनं उचलायला वाकले. जीभ जमिनीला लागली. डोळे उघडले तर कुत्री नव्हती, समोर मैत्रेय उभे होते. असंगांनी विचारलं, बारा वर्षं कुठे होतात? मैत्रेय म्हणाले की मी इथेच होतो, तुला दिसत नव्हतो. खात्री करायची तर मला खांद्यावर घे आणि गावात फिर. असंग गावभर फिरले. कुणालाच काही दिसलं नाही. फक्त एका म्हातारीला त्यांच्या खांद्यावर कुत्री दिसली.

ही गोष्ट ऐकून आपल्यातल्या एकांनी लगेच लिहिलं, "बघा, किडेसुद्धा मारले नाहीत!" खरं आहे. पण त्यांनी मांडी कापली हेही त्याच गोष्टीत आहे. दोन्ही जीव वाचवायचे तर तिसऱ्या कुणाला तरी किंमत मोजावी लागते, आणि असंगांनी ती स्वतःच्या अंगातून मोजली. आपण त्या योग्यतेचे नाही, आपल्याला ते जमणार नाही, आणि कुणी तसलं काही करूही नये. पण मांडी द्यायची नाही, खिशातले दोनशे रुपये द्यायचे नाहीत, दवाखान्यात नेण्याचा एक तासही द्यायचा नाही, आणि किड्यांच्या जिवाची काळजी मात्र करायची, हे असंगांच्या नावावर खपणार नाही.

*खरी अडचण*

आता जे लिहितो आहोत ते लिहिताना लाज वाटते. त्या गुरुवारी आमच्यापैकी कुणालाच खरोखर अळ्यांची दया आली नव्हती. घरी झुरळ दिसलं की आपण फवारा मारतो. तांदळात किडे झाले तर उन्हात टाकतो. डेंग्यूच्या दिवसांत पिंपातल्या डासांच्या अळ्या ओतून देतो, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा ग्रुपवर प्रश्न टाकत नाही. त्या दिवशी आम्हाला किळस आली होती. हात लावायचा नव्हता. "तेही जीवच ना" हे वाक्य कानावर पडलं आणि आम्हाला सुटल्यासारखं झालं. ज्यांनी ते म्हटलं त्यांनी मनापासून म्हटलं असेल. आम्ही मात्र ते आडोशासारखं वापरलं.

कीर्तनात आपण ऐकतो, कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण आपल्या मनातल्या त्या कुत्र्याच्या कानामागे जखम नसते. जखम असती, वास येत असता, तर आपण किती पावलं धावलो असतो?

किळस येणं हा काही गुन्हा नाही, ती शरीराची सवय आहे. पण तिला तत्त्वज्ञानाचे कपडे घालू नयेत. किळस येते तर सरळ म्हणावं, "मला जमत नाही, मी रिक्षाचे पैसे देतो, कुणीतरी नेईल का?" एवढं प्रामाणिक वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं तर तो मुलगा होता की तयार!

*पहिला दिवस*

पुढे आम्ही गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली आणि आमची सगळी चर्चा जिथल्या तिथे बसली. ते म्हणाले, किडे पडतात त्याच्या आधी नुसती जखम असते. ती पहिल्याच दिवशी धुतली, झाकली किंवा माशी बसू नये असं मलम लावलं, तर अंडीच पडत नाहीत.

म्हणजे बघा, तांबड्याच्या कानामागची जखम त्या गुरुवारी झालेली नव्हती. मागचा आठवडाभर तो कान खाजवत होता. आपण त्याला रोज पाहत होतो. सोमवारी पाच मिनिटं काढली असती तर कुत्राही वाचला असता आणि ज्या दोनशे अळ्यांवरून आपण भांडलो त्या जन्मालाच आल्या नसत्या. कुणालाही मारायची वेळ आली नसती. अहिंसा सोमवारी सोपी होती, फुकट होती. गुरुवारपर्यंत ती महाग झाली, आणि मग काहीही केलं तरी हिंसा होणारच होती. तेव्हा त्या अळ्या औषधानं मेल्या असत्या तर त्याचा दोष औषध घालणाऱ्या मुलाचा नव्हता. पाच दिवस बघून न बघणाऱ्या आम्हा सगळ्यांचा होता.

आमच्या मते या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. ज्याला किडाही मारायचा नाही त्यानं जखमेकडे लवकर बघावं. ज्याला उशीर झाला त्यानं उशिराची जबाबदारी घ्यावी, मनात द्वेष न ठेवता औषध घालावं, त्या जिवांसाठी एक नमस्कार करावा आणि पुढच्या वेळी लवकर यावं. घरातल्या माणसांच्या बाबतीतही हे खरं आहे, ते आपलं आपण ताडून बघावं.

*आता काय करायचं*

केंद्रावर आपण एक डबा ठेवला आहे: मीठ, कापूस, हातमोजे, जखमेचं मलम, जुना पंचा. घरीही ठेवावा. डॉक्टरांनी सांगितलेलं थोडक्यात देतो.

1. साधी जखम दिसली तर अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून धुवावी, आजूबाजूचे केस कापावेत. पावसाळ्यात रोज बघावी.

2. कुत्रा मान झटकतो, एकच जागा सारखी चाटतो, अंगाला वास येतो, केस एके ठिकाणी ओले दिसतात, तर किडे पडले असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वरवर चार किडे चिमट्यानं काढून भागत नाही, खोलवर बरेच असतात.

3. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, चुना काहीही ओतू नये. जखम जळते, आणि चाटल्यावर विषबाधा होते. मांजरीच्या बाबतीत तर टर्पेंटाइनही नको, आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषधही नको; त्यातली काही औषधं मांजरीला जिवावरची ठरतात. औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

4. एकदा किडे काढले की काम संपलं असं नाही. राहिलेल्या अंड्यांतून पुन्हा अळ्या निघतात. निदान आठवडाभर रोज जखम बघावी. काढलेल्या अळ्या मातीत टाकू नयेत.

5. दुखणाऱ्या जनावराला मालकही परका वाटतो. पंचा गुंडाळून, तोंड हलक्या पट्टीनं बांधून मगच हात लावावा. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी जावं. यात श्रद्धा आणू नये. मुलांनी एकट्यानं जवळ जाऊ नये, मोठ्या माणसाला हाक मारावी.

या आषाढात एका काळ्या मांजरीच्या मानेवर बोक्याचा दात लागलेला दिसला. ज्यांनी गेल्या वर्षी "पूर्वजन्मीचा भोग" म्हटलं होतं त्याच आजींनी सकाळी सातला फोन केला, "अहो, मिठाचं पाणी गरम करत ठेवलंय, धरायला कुणीतरी या." अकरावीतला मुलगा आता बारावीत आहे. तो क्लास सोडून आला. सकाळ-संध्याकाळ धुतलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. जखम भरली. किडे पडलेच नाहीत. ग्रुपवर त्या दिवशी एकच मेसेज आला, "मांजर बरी आहे."

मुलांना हे पत्र वाचून दाखवा म्हटलं ते यासाठी. शाळेतून येताना जखम आधी त्यांनाच दिसते. ती घरी येऊन सांगतात आणि आपण "हात धू आधी" म्हणून विषय संपवतो. या पावसाळ्यात त्यांनी सांगितलं तर हात धुवायला सांगा, आणि मग चप्पल घालून त्यांच्याबरोबर बाहेर पडा.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥ 🙏